रात्री दहानंतर शोधलेला वकील

सांगलीत माणूस गुडघ्याचं ऑपरेशन करायचं असलं तरी आधी चार जणांना विचारतो, मिरजेत जाऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतो. मुलीला स्थळ बघायचं तर पाहुण्यांच्या पाहुण्यांपर्यंत चौकशी जाते. फौजदारी वकील मात्र रात्री दहानंतर, पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर उभं राहून, कुणीतरी हातात दिलेल्या मोबाइलवरून निवडला जातो. पलीकडचा माणूस म्हणतो, "काळजी करू नका, सकाळी येतो." एवढ्यावर निवड संपते. मग पुढची कित्येक वर्षं त्या माणसाच्या डायरीतल्या तारखांवर घराच्या पेरण्या, तोडणी, लग्नं आणि बारशी ठरतात.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. न्यायाधीशांच्या डायसच्या बरोबर खाली, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला हात लागेल इतक्या जवळ आमची खुर्ची. कोर्ट राजवाड्याजवळ होतं तेव्हापासून विजयनगरच्या नव्या इमारतीपर्यंत मी साक्षी टंकल्या, निकालपत्रं टंकली. नोकरीत असताना शेजारीपाजारी, भावकी, दूधवाला, सगळे एकच विचारायचे, "काकू, तुम्ही रोज बघता. कुठला वकील लावू?" मी तोंडाला कुलूप लावून बसायची. न्यायालयाच्या कर्मचाऱ्यानं वकिलाचं नाव सुचवणं बरं नव्हे, आणि त्या कुलपाचा मला कधी त्रासही झाला नाही. आता निवृत्त आहे. नाव आजही सांगत नाही. पण काय बघायचं ते सांगते. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते सगळं ऐकायला वेळ नसतो, म्हणून इथं लिहून ठेवते.

आपल्याकडे सगळा घोळ होतो तो एका समजुतीमुळे: ज्यानं जामीन करून दिला तो मोठा वकील. "तिसऱ्या दिवशी बाहेर काढला गड्यानं," अशी ख्याती होते. जामिनावर सुटलेल्याचे फ्लेक्स लागतात, फटाके वाजतात, जणू निर्दोष सुटला. खटला तेव्हा सुरूही झालेला नसतो. जामिनाचा अर्ज म्हणजे फिर्याद, दोन-चार जबाब आणि अर्ध्या तासाचा युक्तिवाद. खटला म्हणजे साक्षीदार, पंच, डॉक्टर, तपासी अंमलदार, सीए रिपोर्ट म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आणि मध्ये बदलून गेलेले दोन-तीन न्यायाधीश. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही उत्तम करणारे वकील असतात, पण पहिलं काम बघून दुसऱ्याची खात्री धरता येत नाही.

शिवाय पुष्कळ जामीन असे असतात की ते मिळायचेच असतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ सालीच बजावलं आहे. आरोपी कोठडीत असताना ठरल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं नि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मुदत संपताच, दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज टाकायला वकिलाला तारखा मोजता याव्या लागतात, एवढं खरं. पण त्यातून घरच्यांना वाटतं की साहेबांनी चमत्कार केला. चमत्कार कॅलेंडरचा असतो.

तेव्हा पहिल्या रात्री जे करायचं ते करायला कुठलाही धडधाकट, फौजदारीत रोज उभा राहणारा वकील पुरतो. त्याच्याकडून कामं ठरलेली असतात. अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात आहे. आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलायचा हक्कही त्यातच. अटकेची कारणं त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी तरी, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्या गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं. वैद्यकीय तपासणी झाली का, अंगावर मार आहे का, घरच्यांना कळवल्याची नोंद आहे का, हे वकिलानं रिमांडच्या टेबलापाशी उभं राहून विचारायचं. सांगलीला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१७ साली इथल्याच पोलीस कोठडीत एक तरुण मेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघडकीला आलं. त्यानंतर काही महिने रिमांडच्या वेळी आरोपीला सदरा वर करायला सांगणारे वकील मी जास्त पाहिले. पुढं ते कमी झाले.

आणखी एक नवी गोष्ट. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यात पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता पहिल्या पंधरवड्यातच संपवायचे असं राहिलेलं नाही. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी 'एमसीआर झाली', म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली, म्हणून घरी फोन गेला तरी पीसीआरचा, पोलीस कोठडीचा दरवाजा बंद झाला असं नाही. हे पहिल्याच दिवशी घरच्यांना समजावून सांगणारा वकील दिसला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

सांगलीचा तुरुंग गावात, जुन्या किल्ल्यात आहे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा त्यातून निसटले, ती गोष्ट इथं प्रत्येकाला तोंडपाठ. दादांना उडी टाकायला तट होता. बाकीच्यांना वकीलपत्रावरच सही करावी लागते.

तर ती सही. रात्रीच्या घाईत सही केली म्हणजे आयुष्यभराचा करार झाला असं नाही. रिमांड आणि जामीन यापुरता वकील ठेवा, तसं स्पष्ट बोला, त्या कामाचे पैसे द्या. दोषारोपपत्र हातात पडलं की मग शांतपणे बसा आणि खटल्याचा वकील ठरवा. तोच ठेवायचा असेल तर तोच ठेवा, पण ठरवून. लोक इथंच चुकतात. जामीन झाला की घर सुस्कारा टाकतं आणि फाइल जिथं आहे तिथंच राहते.

खटल्याचा वकील कसा ओळखायचा, हे मला माझ्या खुर्चीनं शिकवलं.

साक्ष लिहिण्याची आमची ठरलेली भाषा आहे. "हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो व फिर्यादीच्या सांगण्यावरून आज खोटी साक्ष देत आहे." वकिलानं सुचवायचं, साक्षीदारानं नाकारायचं, न्यायाधीशांनी मजकूर सांगायचा, आम्ही टंकायचा. बचाव काय आहे ते साक्षीदारापुढे ठेवावंच लागतं, त्यामुळे ही वाक्यं प्रत्येक उलटतपासात येतात. पण काहींचा उलटतपास नुसता तेवढाच असतो. खोटं बोलताय ना? नाही. शिकवून आणलंय ना? नाही. तुमचा आरोपीशी जुना वाद आहे ना? नाही. हे सगळं खिडक्यांची तावदानं हलतील अशा आवाजात. मागच्या बाकावर पक्षकार खूश: आपल्या साहेबांनी कसा धारेवर धरला! आणि माझ्यासमोर पडद्यावर पानभर नकार. साक्षीदार कुठंही हललेला नाही. उलट सगळं ठामपणे नाकारल्यामुळे तो आधीपेक्षा पक्का दिसतोय. आवाज टंकता येत नाही. निकाल लिहिताना न्यायाधीशांसमोर असतो तो टंकलेला कागद, आणि अपिलात तर तेवढाच असतो.

याच्या उलट एक वकील होते. वयस्कर, आवाज बसका, कोट खांद्यावर उसवलेला. ऊसपट्ट्यातलं एक मारामारीचं प्रकरण चालू होतं. दोन भावकींत बांधावरून वाद, एकाच्या डोक्यात कुऱ्हाड, कलम ३०७, खुनाचा प्रयत्न. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार सांगत होता की, मी रस्त्यावर उभा होतो, तिथून विहिरीजवळ आरोपीला वार करताना पाहिलं. या वकिलांनी त्याला एवढंच विचारलं: रस्त्यावर नेमके कुठं उभे होता? कोणत्या बाजूला तोंड होतं? तिथून शेतात उतरला होता का? साक्षीदार म्हणाला, नाही, भांडण मिटेपर्यंत रस्त्यावरच होतो. वकील म्हणाले, "बस्स, साहेब." आणि ठरलेल्या नकारांची दोन वाक्यं घेऊन खाली बसले. बाहेर पक्षकारांचा नुसता संताप. मुख्य साक्षीदार, आणि आपल्या वकिलानं त्याला सोडून दिला!

पुढं पुष्कळ तारखांनी घटनास्थळाच्या पंचनाम्याचा पंच आला. पंचनाम्यात चतुःसीमा लिहिलेली असते. वकिलांनी शांतपणे विचारलं, विहीर आणि रस्ता यांच्या मध्ये काय होतं? पंच म्हणाला, उसाचं पीक. तोडणी झाली होती का? नाही, उभा होता. केवढा? पंचानं हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. न्यायाधीशांनी सांगितलं, लिहा: "घटनास्थळ व रस्ता यामध्ये पुरुषभर उंचीपेक्षा जास्त उंचीचा ऊस उभा होता." घटना ऑक्टोबरमधली होती, तेव्हा आपल्याकडे कारखान्यांचा हंगाम सहसा सुरू झालेला नसतो, हे त्या कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण विचारेपर्यंत ते कागदावर नव्हतं. निकालपत्र टंकताना ती दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी आली.

उसाची गोष्ट त्यांनी साक्षीदारालाच विचारली असती तर? तो म्हणाला असता, साहेब, मधे पायवाट होती, तिथून दिसत होतं. फौजदारी वकिलाची अर्धी अक्कल प्रश्न न विचारण्यात असते. दुसऱ्या एका खटल्यात साक्षीदारानं अंधार होता, दिवे गेले होते, असं स्वतःच कबूल केलं होतं. तिथं थांबायचं. पण वकिलांना राहवलं नाही. "मग एवढ्या अंधारात तुम्ही आरोपीला ओळखलंत कसं?" साक्षीदार म्हणाला, "आवाजावरनं. लहानपणापास्नं एकत्र म्हशी राखल्यात की ओ आम्ही." सरकारी वकिलांना फेरतपास घ्यायची गरजच उरली नाही. आरोपीची बायको मागच्या बाकावर बसली होती. काय घडलं ते तिला कळलं नाही. मला कळलं.

अजून एक बारकावा, जो बाहेरच्या माणसाला दिसत नाही. साक्षीदार कोर्टात एखादी गोष्ट सांगतो आणि ती त्याच्या पोलीस जबाबात नसते. समजा कुऱ्हाडीचा उल्लेखच नव्हता. चांगला वकील त्याच्याकडून वदवून घेतो की, मी पोलिसांना हे सांगितलं होतं, जबाबात का नाही ते सांगता येणार नाही. पण काम इथं अर्धंच झालं. महिन्यांनी, कधी वर्षांनी, तपासी अंमलदार पिंजऱ्यात येतो तेव्हा त्याला विचारावं लागतं: अमुक साक्षीदारानं जबाबात कुऱ्हाडीचं सांगितलं होतं का? तो नाही म्हणाला की मग ती वगळणूक, म्हणजे जबाबात ती गोष्ट नव्हती हे, शाबीत होते. हा दुसरा प्रश्न विसरणारे वकील मी किती पाहिले म्हणून सांगू. तोवर तपासी अंमलदार गडचिरोलीला बदलून गेलेला असतो, तो एका दिवसासाठी येतो, वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतात, ज्युनियर घाईघाईनं नकाराची चार वाक्यं सुचवतो आणि साक्ष संपते. लक्षात ठेवणाऱ्या वकिलाकडे प्रत्येक साक्षीदाराचं वेगळं पान असतं आणि शेवटी एक यादी: 'अंमलदाराला विचारायचं.' पक्षकारानं कधीतरी ती यादी बघायला मागावी. यादी नसेल तर चेहऱ्यावर दिसेल.

आणि जे वकील मधेच उभे राहून म्हणायचे, "साहेब, साक्षीदार 'बहुतेक' म्हणाला, ते 'बहुतेक' नोंदीत यावं," त्यांच्याबद्दल मला मनातून आदर असायचा. टंकताना पुन्हा मागं जावं लागायचं, वैतागही यायचा. पण त्या एका 'बहुतेक'वर माणसं सुटलेली आहेत.

म्हणून माझं सांगणं एकच असतं: वकील ठरवायच्या आधी त्याला कोर्टात बघा. काही नाजूक खटले सोडले तर आपली न्यायालयं उघडी असतात. कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसावं, मोबाइल बंद ठेवावा, पाय खाली ठेवावा. कुणी हटकत नाही. मुलीसाठी स्थळ बघायला चार गावं फिरणारा माणूस विजयनगरच्या कोर्टात दोन दुपारी बसायला तयार नसतो. आज तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावानं शोधलं की त्याचे खटले, ते कुठल्या टप्प्यावर आहेत आणि पुढची तारीख कधी, सगळं दिसतं. 'पुरावा' असं लिहिलेली तारीख बघायची आणि त्या दिवशी जायचं. किती सुटले ते मोजत बसू नका. साक्षीदार फितूर झाले, आपसात मिटलं, तपासच पांगळा होता, अशा कितीतरी निर्दोष सुटकांत वकिलाचा हात हजेरी लावण्यापुरताच असतो. आणि हरलेल्या एखाद्या खटल्यात मी असा उलटतपास टंकला आहे की आजही आठवतो.

आता पहिल्या भेटीबद्दल. 'सोडवतो' म्हणणाऱ्याकडून उठून यावं. निकालावर फी ठरवायची नाही, असा वकिलांच्या आचारसंहितेचाच नियम आहे, बार कौन्सिलचा. 'सुटलात तर एवढे, नाही तर तेवढे' हा सौदा ज्याला चालतो त्याला बाकीचे नियमही चालत नसणार. आणि 'वरती द्यावे लागतील' असं न्यायाधीशाच्या किंवा पोलिसाच्या नावानं जो पैसे मागतो त्याच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की, डायसच्या खाली बसून इतकी वर्षं मी जे पाहिलं त्यात असे पैसे बहुधा कुठंच पोचत नव्हते. निकाल लागायचा तसाच लागायचा. लागला मनासारखा तर त्यांचं फावायचं, नाही लागला तर 'समोरच्यानं जास्त दिले'.

चांगला वकील पहिल्या भेटीत बोलत नाही, विचारतो. फिर्याद किती वाजता दाखल झाली, घटना किती वाजताची, मधल्या वेळात जखमी कुठं होता? दवाखान्यात डॉक्टरांना पहिल्यांदा काय सांगितलं, पडलो की मारलं? तुमचीही फिर्याद आहे का? तुम्हाला लागलं होतं तर त्याचे कागद कुठं? काहीजण जागेवर जाऊन येतात. बांधावर जाऊन आलेला वकील आणि न गेलेला वकील यांच्या प्रश्नांतला फरक मला पाचव्या मिनिटाला कळायचा. तुम्ही मात्र त्याला एक प्रश्न विचाराच: साक्षीच्या दिवशी उभं कोण राहणार? नाव मोठं असतं, पक्षकार त्या नावाला पैसे देतो, आणि पिंजऱ्यात साक्षीदार उभा असताना समोर असतो तो गेल्या वर्षी सनद घेतलेला मुलगा, 'पुढची तारीख मिळावी' एवढंच सांगायला धाडलेला. न्यायाधीश एकदा तारीख देतात, दोनदा देतात, मग 'उलटतपास नाही' असा आदेश होतो. तो साक्षीदार परत बोलवायला अर्ज, त्यावर दंड, आणि तरी मंजूर होईलच असं नाही. कष्टाळू ज्युनियर स्वतः उभा राहणार असेल तर त्यालाच धरा, हे मी कितीतरी वेळा मनात म्हटलं आहे.

वकिलाचा कारकूनही बघून घ्यावा. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस संध्याकाळी घरी आला असं नसतं. जामीनदार, त्याचा सात-बारा, ऐपतीचे कागद, मुचलका, सुटकेचा आदेश तुरुंगात वेळेत पोचणं, ही सगळी धावपळ कारकुनाची. शनिवारी दुपारी कागदात एक सही राहिली की माणूस सोमवारपर्यंत आत.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे, कारण आपल्या भागातल्या मारामाऱ्या भावकीच्या असतात आणि गुन्ह्यात अख्खं घर गोवलं जातं. बाप, तीन मुलं, पुतण्या, कधी सुनासुद्धा. बेकायदा जमावाचं कलम लागलं की वार एकानं केला तरी सगळे एका रांगेत. सगळ्यांसाठी एकच वकील हे स्वस्त पडतं आणि एकोप्याचंही दिसतं. पण पुतण्या म्हणत असतो, मी तर भांडण सोडवायला गेलो होतो. त्याचा बचाव खरा मानला तर वार कुणी केला हा प्रश्न घरातच येतो. एक वकील हे दोन्ही एका तोंडानं कसं मांडणार? मग तो कुणाचाच बचाव धड मांडत नाही, सगळ्यांच्या वतीनं 'आम्ही तिथं नव्हतोच' असं सुचवतो, आणि जो खरोखर सोडवायला गेला होता त्याच्या जखमेचा कागद फाइलमध्ये तसाच राहतो. वेगळा वकील दिला म्हणजे घर फुटलं, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी समजावू शकलेले नाही. तुम्ही प्रयत्न करा.

'आपल्यातला' वकील, गावचा वकील, पुढाऱ्याचा वकील, यावर काय बोलायचं? तो चांगला असेल तर चांगला. पण पुढाऱ्यानं दिलेला वकील कधीकधी पुढाऱ्याचा राहतो. निवडणुकीनंतर दोन्ही गटांची मांडवली झाली की खटल्यातही 'मिटवून घ्या' सुरू होतं, तुम्हाला मिटवायचं असो वा नसो.

नव्या कायद्यांमुळे आणखी एक चाळणी तयार झाली आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुनी दंडसंहिता, नंतरच्या घटनेला न्याय संहिता. खुनाला लोक अजून 'तीनशे दोन'च म्हणतात आणि आरोपपत्रात १०३ असतं. त्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं झालं आहे. सीसीटीव्ही, मोबाइलचे कॉल रेकॉर्ड, व्हॉट्सॲप, यांना प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे 'जप्तीचा व्हिडिओ कुठं आहे, त्याची प्रत द्या' असा अर्ज पहिल्याच तारखांना टाकणारा वकील आणि पेन ड्राइव्ह पाकिटात तशीच ठेवणारा वकील यांच्यात वयाचा संबंध फारसा नाही. सत्तरीतले एक वकील लॅपटॉपवर चित्रफीत सेकंदासेकंदाला थांबवून पंचाला प्रश्न विचारताना मी पाहिलेत, आणि तिशीतले कंटाळलेलेही.

पैसे नसतील तर? या प्रश्नावर लोकांचे चेहरे पडतात, कारण 'सरकारी फुकटचा वकील' म्हणजे टाकाऊ अशी समजूत पक्की आहे. पूर्वी तिला कारणही होतं. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं होतं की केस अंगावर आली तरच तो बघायचा. आता लोक अभिरक्षक कार्यालयं झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना खासगी वकिली करता येत नाही, फौजदारी बचाव एवढंच त्यांचं काम. कोठडीतला कुणीही, कुठलीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता हा हक्क आहे. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा नंबर आहे. जमीन गहाण टाकून मोठ्या नावाचा वकील लावण्याआधी तिथं एकदा जाऊन यावं, असं मी आता मोकळेपणानं सांगते. सगळेच तिथले उत्तम आहेत असं नाही. बाहेरचे तरी कुठं आहेत?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर, सहा जिल्ह्यांचं काम तिथं चालतं. पूर्वी मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची एसटी, सकाळी फोर्टमध्ये वकिलाची वाट, आणि 'बोर्डावर आलं नाही' ऐकून परत. आता सकाळी निघून संध्याकाळी घरी. यासाठी आपल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, त्याचं चीज झालं. पण यातून नवी बोली सुरू झाली आहे: "इथं काय व्हायचं ते होऊ दे, कोल्हापूरला बघू." जामिनापुरतं ते ठीक आहे. शिक्षा झाल्यावर अपिलात मात्र कोल्हापूरचा वकील वाचतो ते सांगलीत टंकलेलंच. इथं जो प्रश्न विचारला गेला नाही तो तिथं विचारता येत नाही.

आणि वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. आधीच्याची ना हरकत घ्यायची, तो देत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागायची. 'राहिलेली फी दिल्याशिवाय फाइल देणार नाही' हे ऐकून लोक हताश होतात. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं आहे. फी मागायचे मार्ग वेगळे आहेत. अर्थात हिशेब चुकता करून, चहा पिऊन फाइल आणता आली तर उत्तमच. गाव लहान आहे.

परवा आमच्या गल्लीतला एक मुलगा आला होता. जामिनावर आहे, आणि आता खटल्याचा वकील ठरवतोय. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तेच विचारलं, जे जवळजवळ सगळे दाराशी चपला घालताना विचारतात: "काकू, वकिलाला खरं सांगायचं असतं का?"

सांगायचं, म्हटलं. सगळं. त्याला अंधारात ठेवलंस तर तो भर कोर्टात चुकीचा प्रश्न विचारेल. तू वकिलाला सांगितलेलं त्यानं तुझ्या संमतीशिवाय बाहेर सांगायचं नाही, कायद्यानंच तसं बांधलंय त्याला, आधी पुरावा कायद्यात होतं, आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. आणि तू दोषी आहेस असं त्याला वाटलं तरी तुझा बचाव करणं हे त्याचं काम आहे. पण हे संरक्षण झालेल्या गोष्टीला आहे. पुढं काही बेकायदा करायचा बेत सांगितलास तर त्याला नाही.

तो जरा घुटमळला. "म्हणजे त्या साक्षीदाराच्या घरी एकदा जाऊन बोलून यायचं चाललंय आमचं, ते…"

"ते मलाही सांगू नकोस," म्हटलं, "आणि जाऊही नकोस. जामिनाचा आदेश आहे का घरात? त्यातल्या अटी आधी वाच."